सेफ्टी डोअर असलेल्या फ्लॅटला स्मार्ट लॉक चालेल का?

चिंचवडकर

नमस्कार मंडळी,

घराच्या दाराला स्मार्ट लॉक बसवावं की नाही, यावर आमच्याकडे बरेच दिवस खल चालू आहे आणि एकमत काही होत नाही. म्हणून इथे विचारते.

चिंचवडला चौथ्या मजल्यावर आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, इमारत २००८ची. बाहेरच्या बाजूला लाकडी चौकटीचं, जाळीचं सेफ्टी डोअर आणि आत सनमायका लावलेलं फ्लश डोअर. दोन्हींना लॅच. घरात आम्ही दोघं, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. मी हिंजवडीला जाते, यांची चाकणला शिफ्ट. मुलगा दुपारी दीडला शाळेतून येतो. तेव्हा सासूबाई सहसा घरी असतात, पण गुरुवारी मठात, कधी दवाखान्यात, कधी खाली बाकावर बसलेल्या. मग मुलगा दप्तरासकट शेजारच्या काकूंकडे. कामाच्या मावशी सकाळी साडेसातला येतात, आणि नेमकी तीच आमची निघायची घाई.

विषय निघाला तो एका प्रसंगामुळे. सासूबाई कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेल्या आणि वाऱ्याने सेफ्टी डोअर लागलं. आत गॅसवर दूध. किल्ली आतल्या खुंटीला. शेवटी शेजारच्या काकांनी जाळी कापली, आत हात घालून लॅच उघडलं आणि गॅस बंद केला. त्या दिवसापासून सासूबाई धास्तावल्या आहेत. दाराबाहेर पाऊल टाकायचं तर दोनदा किल्ली चाचपतात.

दुकानदाराने चोवीस हजारांचं मॉडेल दाखवलं. बोट, आकडे, कार्ड, मोबाइल, शिवाय कॅमेरा. हे म्हणतात, घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, बँकेच्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही, दारावर कसा उमटेल? मला दोघांचंही पटतं. पैसे गेले तरी चालतील, पण उद्या मुलगा नाहीतर सासूबाई दाराबाहेर ताटकळायला नकोत. ज्यांनी बसवलंय किंवा मुद्दाम बसवलं नाही, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


कडीकोयंडा

ताई, लॉक नंतर बघू, आधी दार बघू.

मी सुतार आहे. पिंपरी, वाकड, रावेत भागात दारं-चौकटी बसवतो आणि हल्ली स्मार्ट लॉकचीही बरीच कामं येतात. लोक ऑनलाइन लॉक मागवतात आणि मग मला बोलावतात. त्यातली कितीतरी लॉकं त्या दाराला बसण्यासारखीच नसतात. खोकं फोडलेलं असतं, परत करायची मुदत संपत आलेली असते, आणि मग लोक म्हणतात, "दादा, काहीतरी करून बसवा." काहीतरी करून बसवलेलं लॉक पहिल्या पावसाळ्यात रडवतं. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

तुमच्याकडे दोन दारं आहेत आणि सगळी गोम तिथेच आहे. सासूबाई बाहेर अडकल्या त्या कुठल्या दारामुळे? सेफ्टी डोअरमुळे. आपल्याकडे दिवसा आतलं दार उघडं असतं आणि बाहेरचं जाळीचं लावलेलं असतं. तुम्ही चोवीस हजारांचं लॉक आतल्या दाराला लावलं आणि सेफ्टी डोअरचं किल्लीवालं लॅच तसंच ठेवलं, तर तोच प्रकार पुन्हा होणार. शिवाय खिशात एक किल्ली ठेवावीच लागणार. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानात नमुन्याला एकच दार असतं.

मग लॉक सेफ्टी डोअरलाच लावू, असं मनात येईल. ते करू नका. शेजारच्या काकांनी काय केलं? जाळी कापली आणि आतून लॅच फिरवलं. स्मार्ट लॉकच्या आतल्या बाजूलाही फिरवायची मूठ असतेच, आणि असायलाच हवी. आग लागली, धूर झाला, तर आतल्या माणसाला आकडे न दाबता, बोट न लावता, एका हाताने बाहेर पडता आलं पाहिजे. पण जाळीच्या दारात तीच मूठ बाहेरच्या हाताला सापडते. त्यातून जाळीच्या दाराची उभी पट्टी तीन-साडेतीन इंचांची, तिच्यात खाच पाडली की लाकूड उरतंच किती?

आता मापं. घरी टेप असेल तर आजच घ्या.

पहिलं, आतल्या दाराची जाडी. दाराच्या पोटात खाच पाडून बसणाऱ्या लॉकांना, ज्याला मॉर्टाइस म्हणतात, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर जाडी लागते, काहींना त्याहून जास्त. बिल्डरने दिलेली फ्लश डोअरं पुष्कळदा ३० मिलिमीटरची असतात, सनमायका धरून ३२. एवढ्या दारात लॉकची पेटी बसवली की दोन्ही बाजूंना एकेक सूत लाकूड राहतं. जोरात लाथ बसली तर दार नेमकं तिथेच फाटेल. अशा दाराला आतल्या अंगाने वरून स्क्रूने बसणारं, म्हणजे तुमच्या आताच्या लॅचसारखं, रिम प्रकारचं लॉक घ्यावं. त्याला दारात एक भोक पुरतं, वायर आणि दांडी जाण्यापुरतं.

दुसरं माप लोक हमखास विसरतात. दोन दारांमधली जागा. दोन्ही दारं बंद करून सेफ्टी डोअरच्या जाळीतून पट्टी घाला आणि आतल्या दाराला टेकवून किती आत जाते ते बघा. पाच इंची चौकटीत दोन्ही दारं बसली की मधे दोन-सव्वादोन इंच उरतात, त्यातच सेफ्टी डोअरच्या लॅचची पेटी आलेली असते. मोठ्या स्मार्ट लॉकचं हँडल बाहेर अडीच इंचांपर्यंत येतं. म्हणजे लॉक बसतं, पण सेफ्टी डोअर लागत नाही. अशा घरात मी सेफ्टी डोअर काढून ठेवलेलं पाहिलंय. एका लॉकपायी चांगलं सागवानी दार माळ्यावर.

तिसरं, पावसाळ्यात दार कसं वागतं? आषाढ-श्रावणात दार फुगतं, खाली घासतं, लॅच लावताना खांद्याने रेटावं लागतं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. हाताने लॅच लावताना आपण दार ओढून, दाबून जमवून घेतो. मोटरला ते जमत नाही. बोल्ट चौकटीच्या पट्टीला अडला की मोटर पुन्हा पुन्हा जोर लावते, सेल लवकर उतरतात, आणि एखाद्या दिवशी लॉक अर्धवट लागून बसतं. तुमचं दार घासत असेल तर आधी बिजागऱ्या कसून घ्या, खालून-बाजूने रंधा मारून घ्या आणि रंधा मारलेल्या कडेला पॉलिश किंवा रंग लावा. कोरी कड ठेवली तर ती पुन्हा पाणी पिते. हे काम पाऊस चालू असताना करू नका, दार सुकल्यावर फट मोठी होते.

राहिला चोरीचा प्रश्न. पेपरात "कडीकोयंडा उचकटून घरफोडी" अशी बातमी आठवड्याला असते. चोर आकड्यांचं कोडं सोडवत बसत नाही, कटावणी घालतो. त्यामुळे लॉक कितीही भारी असो, चौकटीतली ज्या पट्टीत बोल्ट जातो ती अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर असेल तर एका हिसक्यात बाहेर येते. ती पट्टी जाड घ्या आणि अडीच-तीन इंचांचे स्क्रू मारून चौकटीच्या पोटात घट्ट करा. खर्च शे-दोनशे रुपये. लॉक घ्या नाहीतर नका घेऊ, एवढं मात्र करून घ्या.

मापं कळवा, मग पुढचं सांगतो.


ठाणे_पश्चिम

सुतारदादांनी दाराचं सांगितलं, मी आतल्या विजेचं सांगतो. माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं आणि घरी असं लॉक बरीच वर्षं आहे, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

सासूबाईंची शंका अगदी रास्त आहे. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते. भांडी घासणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या हातांचंही तेच. आधारच्या मशीनवर अंगठा न उमटल्याने रेशनच्या रांगेत किती म्हातारी माणसं ताटकळली, ते सगळ्यांनी पाहिलंय. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी सरकारला पुढे चेहऱ्याची सोय द्यावी लागली. तेव्हा बोट ही सासूबाईंच्या दृष्टीने वरची सोय समजा, तिच्यावर विसंबू नका. त्यांना कार्ड द्या. पाकिटात किंवा जपमाळेच्या पिशवीत राहतं, दारावर टेकवलं की झालं. आणि लॉक साध्या किल्लीनेही उघडणारं घ्या, म्हणजे त्यांच्या हाताची सवय मोडायची गरज नाही.

मावशींचं बोट मात्र घेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. आकडे बदलता येतात, बोट बदलता येत नाही. त्यांना स्वतंत्र आकडे द्या, सकाळी सात ते नऊ एवढ्याच वेळात चालतील असे. बहुतेक लॉकांत ही सोय असते. त्याचबरोबर त्यांना हेही सांगा की त्या कधी आल्या याची नोंद तुमच्या मोबाइलवर येते. ते त्यांना माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

मुलाला आकडे पाठ करायला लावा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. मागे कोणी उभं असेल तर खऱ्या आकड्यांच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबले तरी पुष्कळशी लॉकं उघडतात. घेताना ही सोय आहे का ते विचारा आणि मुलाला तीच सवय लावा. लहान मुलांची बोटं वाढतात, आज नोंदवलेलं बोट काही काळाने पुन्हा नोंदवावं लागतं, म्हणून त्याच्यासाठीही आकडेच बरे.

सेल. भांडणं यावरूनच होतात. ही लॉकं घरच्या विजेवर चालत नाहीत, आत चार किंवा आठ पेन्सिल सेल असतात, त्यामुळे लाइट गेली म्हणून दार अडत नाही. पण सेल अल्कलाइनच घाला. भिंतीच्या घड्याळात घालतो ते स्वस्तातले सेल मोटरचा जोर पेलत नाहीत. रिचार्ज होणारेही नकोत. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, रिचार्जवाला १.२ व्होल्टचा. चार मिळून सहाऐवजी ४.८ व्होल्ट, त्यामुळे लॉकला सेलचा अंदाजच चुकतो, आणि असे सेल शेवटी एकदम बसतात, सूचना द्यायलाही वेळ ठेवत नाहीत. जुने-नवे मिसळू नका. लॉक आठ-पंधरा दिवस आधीपासून आवाज करून सांगतं. तो आवाज घरातल्या प्रत्येकाला एकदा ऐकवून ठेवा, नाहीतर म्हातारी माणसं समजतात की दार बिघडलं आणि कोणालाच काही बोलत नाहीत.

सगळे सेल उतरलेच तर बहुतेक लॉकांच्या खालच्या अंगाला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायला दोन ठिपके असतात, किंवा पॉवर बँक जोडायला जागा. घेताना हे आणि किल्लीचं भोक, दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि कृपा करून ती किल्ली घरातल्या खुंटीला टांगू नका. एक शेजारी, एक ऑफिसात.

अगदी अनोळखी ब्रँडचं स्वस्त लॉक नको, त्याला कारण आहे. २०१८ साली चीनमध्ये योंगकांगच्या दारांच्या प्रदर्शनात एका बाईने मुठीत मावेल एवढी टेस्ला कॉइल, म्हणजे जोरदार विजेचा झटका सोडणारं यंत्र, लॉकांजवळ धरली आणि निरनिराळ्या कंपन्यांची लॉकं उघडली. त्या झटक्याने आतली चिप गोंधळून नव्याने सुरू व्हायची आणि काही लॉकं नव्याने सुरू होताना दार उघडायची. चांगल्या लॉकात आता यावर बंदोबस्त असतो, पण तो दिसत नाही, म्हणून नाव असलेली, शहरात सर्व्हिस असलेली कंपनी घ्यायची.

कॅमेरा तुम्हाला लागतो का, याचाही विचार करा. समोरासमोर दारं असलेल्या मजल्यावर तो कॅमेरा दिवसभर शेजाऱ्यांच्या दाराकडे बघत राहतो. ज्या काकांनी जाळी कापून तुमचा गॅस बंद केला, त्यांच्या घरात कोण येतं-जातं हे तुमच्या मोबाइलवर यायला नको. शिवाय तुमच्याकडे सेफ्टी डोअर बंद असताना त्या कॅमेऱ्याला जाळीपलीकडचं धड दिसणारही नाही.


न्यूजर्सीकर

मी एडिसनला राहते, आईबाबा साताऱ्याला. मोबाइलवरून दार उघडण्याच्या सोयीबद्दल मला लिहायचंय, कारण आमच्यासारखे बरेच जण त्याच एका सोयीसाठी हे लॉक घेतात. आई एकटी असताना पडली, दाराशी येऊ शकली नाही, तर इथून दार उघडून शेजाऱ्यांना आत पाठवता येईल, हा त्यामागचा विचार.

बसवल्यावर पहिल्याच रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना दार लावताना पाहिलं. त्यांनी लॉक लावलं, मग वरची कडी लावली, मग खालची. जन्मभराची सवय. आता इथून मी कितीही बटणं दाबली तरी ते दार उघडणार नाही. दिव्याला तेल घालावं तितक्या नेमाने ते या कड्या लावतात. त्यांना मी दोष देत नाही, कडीशिवाय त्यांना झोप येत नाही. आम्ही बसून बोललो. शेवटी असं ठरलं की रात्री फक्त वरची कडी, आणि दिवसा एकही नाही. त्यापुढे मी ताणलं नाही. तुमच्या सासूबाई दुपारी एकट्या असताना आतून कडी लावतात का, ते आधी बघा. लावत असतील तर मुलाचे आकडे बरोबर असूनही तो बाहेरच राहील. काही लॉकांत आतून लावायचं वेगळं बटणही असतं, ते दाबलं की बाहेरून आकडे चालत नाहीत. त्याचंही तेच.

दुसरं, मोबाइलवरून लांबून उघडायचं तर लॉकला वायफाय लागतं. बरीच लॉकं नुसत्या ब्लूटूथवर असतात, ती दाराजवळ उभं राहिल्यावरच मोबाइलने उघडतात. लांबून उघडायला वेगळा गेटवे, म्हणजे लॉकला घरच्या वायफायशी जोडणारी छोटी डबी, घ्यावा लागतो. साताऱ्यात लाइट गेली की राउटर बंद, मग माझं काहीच चालत नाही. भावाने राउटर इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा ते मार्गी लागलं. बोट, आकडे आणि कार्ड मात्र इंटरनेट नसतानाही चालतात.

आणि कंपनीवर दार किती अवलंबून ठेवायचं, याला मर्यादा हवी. ऑगस्ट २०१७ मध्ये इकडे लॉकस्टेट नावाच्या कंपनीने आपल्या लॉकांना चुकीचं अपडेट पाठवलं आणि पाचशेच्या आसपास लॉकांचे आकडे चालेनासे झाले. त्यातली बरीच एअरबीएनबीला भाड्याने दिलेल्या घरांची होती. ज्यांच्याकडे साधी किल्ली होती, ते आत गेले. २०१९ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या भाडेकरूंनी कोर्टात जाऊन घरमालकाकडून साध्या किल्ल्या मिळवल्या. त्यांना मोबाइलच्या ॲपवर घर उघडायचं नव्हतं. मी या दोन्ही गोष्टी वाचल्या आणि आईबाबांसाठी किल्लीचं भोक असलेलंच लॉक घेतलं.


देवगडी

चिंचवडच्या ताईंसाठी नाही, पण इथे गावच्या घरासाठी विचार करणारेही वाचत असतील, म्हणून थोडक्यात.

गणपतीला आणि शिमग्याला उघडणाऱ्या, मधे महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या कोकणातल्या घराला स्मार्ट लॉक लावू नये. खारी हवा, पागोळ्यांची झड आणि दमटपणा. साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात. उतरलेले सेल आतल्या आत पाझरतात आणि खारट पांढरा थर पत्र्याच्या टोकांना खातो. ज्या दिवशी तुम्ही रात्रीच्या गाडीने पहाटे मुलाबाळांना घेऊन पोचता, नेमकं त्याच दिवशी ते बघायला मिळतं. फणसाचं जुनं दार, त्याला लोखंडी कडी आणि चांगलं पितळी, सात लिव्हरचं कुलूप, एक किल्ली शेजारी. लालबागला गोदरेजने १८९७ मध्ये कुलपं करायला घेतली, तेव्हापासून आपल्याकडे कुलपांचं चांगलं काम होत आलंय, ते वापरा. कुलपाला जाताना प्लॅस्टिकचा तुकडा बांधा आणि भोकात तेल ओतू नका, तेलावर धूळ बसून चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला.

घरात माणसं राहत असतील, दार पडवीच्या आत असेल, पाऊस थेट येत नसेल, तर गोष्ट वेगळी. आमच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्याला आहे आणि उत्तम चाललंय, कारण दार रोज दहावेळा उघडतं आणि सेल कधी बदलायचे याकडे लक्ष द्यायला माणूस आहे.


चिंचवडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

सुतारदादा, मापं घेतली. आतलं दार ३२ मिलिमीटर. दोन दारांमधली जागा ५५ मिलिमीटर, आणि सेफ्टी डोअरच्या लॅचपाशी त्याहून कमी. दुकानदाराच्या मॉडेलचं हँडल त्याच्या वेबसाइटवरच्या आकृतीत ६८ मिलिमीटर बाहेर दाखवलंय. दार पावसात खालच्या कोपऱ्यात घासतं. चौकटीतल्या पट्टीचा एक स्क्रू काढून पाहिला, जेमतेम अर्धा इंच.

सासूबाईंना न्यूजर्सीच्या ताईंचं वाचून दाखवलं. त्या दुपारी वरची कडी लावतातच. मुलगा यायच्या वेळी काढून ठेवेन म्हणाल्या, पण डोळा लागला तर विसरायला होईल, हेही त्यांनीच सांगितलं. कार्डाची कल्पना त्यांना आवडली.

मग आता काय करू? सेफ्टी डोअरचं लॅच ठेवायचं की काढायचं? कॅमेऱ्याचा विचार सोडला आहे.


कडीकोयंडा

ताई, ते चोवीस हजारांचं लॉक तुमच्या दाराचं नाही. जाडीतही बसत नाही आणि मधल्या जागेतही नाही.

तुमच्या घराला माझ्या मते असं करावं. आतल्या दाराला रिम प्रकारचं स्मार्ट लॉक, ज्याला बाहेरून हँडल नसतं, फक्त आकड्यांची चपटी पट्टी असते. बाहेरची पट्टी तीस मिलिमीटरच्या आत असलेली बघा. दार ओढायला आताची मूठ आहे तीच राहू द्या. आकड्यांची बटणं शक्यतो दाबायची घ्या. काचेवर उजळणारे आकडे दुपारच्या उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे लॉक कॅमेरावाल्याच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही कमी पैशांत येईल.

सेफ्टी डोअरचं किल्लीवालं लॅच काढा. तिथे बाहेरून-आतून दोन्हीकडून नुसतं हँडल दाबून उघडणारा साधा खटका लावा, आणि आतून एक कडी, कमरेच्या उंचीवर नको, खाली घोट्यापाशी. जाळी पुन्हा लावाल तेव्हा कडीसमोरच्या भागात जाळीऐवजी लाकडी फळीचा पॅनेल करून घ्या, म्हणजे कापून हात घालता येणार नाही. आता बघा काय होतं. सासूबाई बाहेर आल्या आणि वाऱ्याने सेफ्टी डोअर लागलं तर हँडल दाबून आत. आतलं दार आपटलं तर कार्ड, नाहीतर आकडे. कार्ड नुसतं पाकिटात ठेवू नका, एक शेजारच्या काकूंकडेही द्या. लॉकची किल्लीही त्यांच्याकडेच.

यात एक गोष्ट कमी होते ती सांगतो. तुम्ही सगळे बाहेर असताना आधी दोन कुलपं होती, आता एकच. रोजच्या जाण्यायेण्याला ते पुरेसं आहे. गावाला चार दिवस जाणार असाल तर सेफ्टी डोअरला बाहेरून कोयंडा लावून ठेवतो, त्याला जाड कुलूप घाला.

दुपारच्या कडीचं. सासूबाईंना कडी हवी आहे कारण नुसत्या लॅचवर त्यांचा भरवसा नाही, आणि जाळी कापलेली पाहिल्यावर तो आणखी कमी झाला असणार. त्यांना कडी लावू नका असं सांगू नका. दुपारी त्या आतलं दार बंद करून नवीन लॉकवर ठेवतील आणि वरच्या कडीऐवजी दाराला साखळी बसवून देतो. साखळी लावली तरी दार चार बोटं उघडतं, मुलाचा आवाज आत जातो, आणि पलंगावरून हाक ऐकू येते. सवय झाली की साखळीही दीडच्या आधी काढतील. आठ-दहा दिवस त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः दुपारी दार लावून-उघडून बघा, सुट्टीच्या दिवशी.

आपोआप लागण्याची सोय चालू ठेवायची असेल तर दार बंद झालंय हे ओळखणारं लॉक घ्या, त्याला चौकटीवर एक छोटं चुंबक येतं. नुसतं सेकंद मोजून लागणारं नको. दार अर्धवट उघडं असताना बोल्ट बाहेर येतो आणि मग वाऱ्याने दार आपटलं की चौकटीचा टवका उडतो.

क्रम असा ठेवा. दिवाळीनंतर दार पूर्ण सुकलं की आधी बिजागऱ्या आणि रंधा, कडेला पॉलिश. मग चौकटीची पट्टी मोठ्या स्क्रूवर. मग सेफ्टी डोअर. लॉक सगळ्यात शेवटी. तोवर सेफ्टी डोअरच्या लॅचचं आतलं बटण वर सरकवून जीभ आत अडकवून ठेवा आणि दिवसा आतून साधी कडी वापरा, म्हणजे किल्लीवाचून कोणी बाहेर अडकणार नाही. ते बटण सापडलं नाही तर फोटो टाका, कुठे आहे ते खूण करून दाखवतो.